आधी गर्द की आधी रस्ता?

मुंबईतील एखाद्या उड्डाणपुलाखाली चार-दोन माणसे चिरगुटे पांघरून पडलेली दिसली की, जाणारा-येणारा सुशिक्षित नागरिक त्यांची वासलात एकाच शब्दात लावतो. तो शब्द म्हणजे ‘गर्दुल्ले’. हा शब्द एकदा उच्चारला की पुढचे सारे प्रश्न मिटतात. ही माणसे कोठून आली, कोणते काम करतात, त्यांना खोली का मिळाली नाही, याचा विचार करण्याचे कारणच उरत नाही. स्वतःच्या हाताने ओढवून घेतलेली दशा, एवढे निदान पुरेसे ठरते. या निदानात तथ्य मुळीच नाही असे नव्हे. परंतु त्यातला क्रम बहुधा उलटा असतो, आणि क्रम चुकला की उपायही चुकतो.

‘ब्राऊन शुगर’ ऊर्फ गर्द मुंबईच्या रस्त्यांवर फैलावली ती 1980 नंतरच्या काही वर्षांत. मराठी वाचकाला तिची भीषणता उमगली ती मुख्यतः अनिल अवचट यांच्या ‘गर्द’ या पुस्तकामुळे. 1986 मध्ये पुण्यात ‘मुक्तांगण’ उभे राहिले तेही त्याच अस्वस्थतेतून. पदपथावरचा संसार मात्र याहून कितीतरी जुना आहे. 1981 च्या जुलैत, ऐन पावसाळ्यात, मुख्यमंत्री अंतुले यांनी पदपथवासीयांना हटवून त्यांच्या गावी धाडण्याचा हुकूम सोडला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. 10 जुलै 1985 रोजी सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी दिलेल्या निकालात, ही माणसे पदपथावर राहतात ती कामाच्या ठिकाणाजवळ राहणे भाग असते म्हणून, हे मान्य झाले. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग ठरला. अर्थात महापालिकेचा झोपड्या हटविण्याचा अधिकारही कायम राहिला. प्रत्यक्ष सवलत मिळाली ती 31 ऑक्टोबरपर्यंतची, म्हणजे पावसाळा सरेपर्यंतची!

त्याआधीच्या मुंबईत गरीब माणूस झोपत तरी कोठे होता? गिरणगावातील एकेका गाळ्यात दहा-दहा, पंधरा-पंधरा गडी पाळीपाळीने पथारी टाकीत. रात्रपाळीचा उठला की दिवसपाळीचा त्याच जागी आडवा होई. खानावळवाली बाई दोन वेळ जेवू घाली. हे सुखाचे जिणे होते असे कोणी म्हणणार नाही. त्यांत दारूपायी पगार उडविणारेही काही कमी नव्हते. पण पिणाऱ्याचे बिऱ्हाड केवळ त्यामुळे सहसा पदपथावर येत नसे, कारण अंग टाकण्याइतकी जागा त्याच्याही ऐपतीत होती. शिडीची ती सर्वांत खालची पायरी पुढे एकेक करून निखळत गेली. 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याने जुन्या भाडेकरूला संरक्षण दिले, परंतु भाड्याने देण्यासाठी नवी चाळ बांधण्यात कोणाला रस उरला नाही; पागडीचे प्रस्थ माजले. 1976 च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्याने गरिबांसाठी जमीन मोकळी होईल अशी आशा होती. ती फारशी फळली नाही आणि 2007 मध्ये महाराष्ट्रात तो कायदाच गेला. 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. तो संप कधी रीतसर संपलाच नाही. गिरण्यांच्या जमिनीवर उठले ते मनोरे. आज साध्या झोपडपट्टीतली खोली घ्यायची झाली तरी अनामत रक्कम आणि दलालाची दलाली आधी मोजावी लागते. नाक्यावर रोज उभा राहणारा मजूर ती आणणार कोठून?

28 फेब्रुवारी 2011 च्या रात्री जनगणना कर्मचाऱ्यांनी उघड्यावर झोपलेल्यांची शिरगणती केली, तेव्हा बृहन्मुंबईत सुमारे 57 हजार बेघर आढळले. त्याच जनगणनेत मुंबईत रिकाम्या आढळलेल्या घरांची संख्या होती सुमारे 4 लाख 80 हजार. त्यांतली काही मोडकळीस आलेली, काही वादात अडकलेली असतील हे मान्य केले, तरी एका बेघरामागे आठ रिकामी घरे हे गणित व्यसनाने सुटणारे नव्हे. विलेपार्ल्याच्या सदनिकेत वाढलेला मुलगाही गर्दच्या आहारी जातो. त्याचे व्हायचे ते हाल होतात, पण तो रात्री निजतो आपल्या घरात. जागेची टंचाई असलेल्या शहरात सर्वांआधी रस्त्यावर कोण ढकलला जाईल, हे व्यसन ठरविते. किती जण ढकलले जातील, हे ठरवितो जागेचा भाव.

उलट दिशेचा प्रवास तर अधिक ठळक आहे. दिवसभर हातगाडी ओढून ठणकणारे अंग, डोक्यावरून धडधडणारी वाहने, मध्यरात्री पाठीत बसणारी काठी. अशा माणसाला झोप विकत घ्यावी लागते. स्टेशनातली पोरे पंक्चरचे ‘सोल्युशन’ नाहीतर व्हाइटनर फडक्यावर घेऊन हुंगतात, कारण त्याने भूक मरते.

कायद्याला हे ठाऊक नाही असे नाही. 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातच, स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला खटल्यापासून सूट देणारे 64-अ हे कलम नंतर घालण्यात आले. मात्र उपचार संपल्यावर रुग्णाने जायचे कोठे, याविषयी ते मौन पाळते. ज्या पुलाखालून तो आला, त्याच पुलाखाली परतला, तर तेथे जुने सोबतीही असतात आणि पुडी विकणाराही. दुसरीकडे 1959 चा भिक्षाप्रतिबंधक कायदा, निर्वाहाचे साधन दिसत नसताना भटकणाऱ्यालाही, तो भीक मागून जगत असावा या तर्कावर, भिकारी ठरवू शकतो.

2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोठ्या शहरांत दर लाख लोकसंख्येमागे एक, बारमाही व चोवीस तास उघडा, असा निवारा उभारण्यास सांगितले. 2011 च्या लोकसंख्येप्रमाणे मुंबईला असे सव्वाशे निवारे हवेत. महापालिका त्या आकड्याच्या आसपासही पोहोचलेली नाही. जागा नाही, ही सबब नेहमीची. मग दूर मानखुर्दकडे एखादा भूखंड सुचविला जातो. मशीद बंदरला पहाटे माल उतरविणाऱ्या हमालाला त्याचा काय उपयोग? पहिली गाडी पकडून तो पोहोचेपर्यंत दुसऱ्या कोणीतरी ते काम उचललेले असते. आणि म्हणून तो मशीद बंदरच्या पदपथावरच निजतो.