दूध बाधतं की दुधाची अ‍ॅलर्जी आहे?

१२ जानेवारी २०२१ च्या पहाटे कोव्हिशिल्ड लशीच्या पहिल्या पेट्या हडपसर-मांजरीच्या सीरम इन्स्टिट्यूटमधून पुणे विमानतळाकडे निघाल्या. चारच दिवसांत देशभर लसीकरण सुरू झालं. औषध, लस किंवा अन्नपदार्थामुळे पूर्वी कधी तीव्र अ‍ॅलर्जी झाली असेल तर आधी सांगा, असं सीरमच्या माहितीपत्रकात म्हटलं होतं. अशांना लस देऊ नये, असं केंद्र सरकारच्या तेव्हाच्या सूचना सांगत होत्या. एरवी आपण सहज बोलून जातो, ‘मला दुधाची अ‍ॅलर्जी आहे.’ तेव्हा मात्र या वाक्यावर लस मिळणं-न मिळणं अवलंबून होतं. दुधाने नुसतं पोट फुगणाऱ्या माणसाला त्या सूचनेची काहीच आडकाठी नव्हती. दुधाच्या एका घोटाने ज्याचा श्वास कोंडतो, त्याने ते सांगणं अत्यावश्यक होतं.

अन्नाची खरी अ‍ॅलर्जी ही आपल्या प्रतिकारशक्तीची चूक असते. दूध, अंडं, शेंगदाणा, कोळंबी यांतलं एखादं निरुपद्रवी प्रथिन तिला शत्रू वाटतं आणि त्याच्याविरुद्ध ती आयजीई नावाची प्रतिपिंडं तयार करते. किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या जपानी दाम्पत्याने अमेरिकेत काम करताना १९६६ साली ती ओळखली. ही प्रतिपिंडं त्वचेतल्या, श्वसनमार्गातल्या आणि आतड्यांतल्या मास्ट पेशींवर बसून राहतात. तोच पदार्थ पुन्हा पोटात गेला की या पेशी हिस्टामिनसारखी रसायनं सोडतात. मग काही मिनिटांत, बहुधा दोन तासांच्या आत, अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, उलट्या होतात. घसा आवळला, छातीत घरघर सुरू झाली, रक्तदाब कोसळला, तर ती जिवावर बेतणारी अ‍ॅनाफिलॅक्सिस. यासाठी फार खावं लागतं असंही नाही. शेंगदाण्याच्या चटणीचा चमचा भाजीत फिरला, तरी एखाद्याला तेवढं पुरतं.

दूध न पचण्याचं कारण वेगळं आहे. दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, फोडणारं लॅक्टेज हे विकर लहान आतड्यात तयार होतं. बाळपण सरल्यावर जगातल्या बहुसंख्य माणसांत ते कमी होत जातं. न फुटलेली साखर मोठ्या आतड्यात जाते, तिथले जिवाणू ती आंबवतात आणि वायू, पोटदुखी, जुलाब सुरू होतात. त्रास खरा असतो, पण जिवाला धोका नसतो. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांचा सहभाग असलेल्या एका अभ्यासात, २०११ साली, भारतीयांची जनुकं तपासली गेली. मोठेपणीही लॅक्टेज टिकवून ठेवणारा जनुकीय बदल पाच जणांत साधारण एकाकडेच सापडला. वायव्येकडे जास्त, दक्षिणेकडे आणि पूर्वेकडे कमी. तरीही बहुतेकांना एका वेळी कपभर दूध सोसतं, आणि विरजणातल्या जिवाणूंमुळे दही त्याहून सोपं जातं. दुधातल्या प्रथिनाची अ‍ॅलर्जी असलेल्याला मात्र दही आणि पनीरही तितकंच घातक. म्हणूनच दोन्हींना एकच नाव देणं धोक्याचं.

तिसरा एक प्रकार मासे खाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावा. बांगड्यासारखा मासा बर्फात नीट ठेवला नाही, तर जिवाणूंमुळे त्यातच हिस्टामिन साठतं आणि शिजवूनही ते जात नाही. असा मासा खाल्ल्यावर चेहरा लाल होतो, अंग खाजतं. दोष त्या खराब माशाचा असतो. माणसाला माशांची अ‍ॅलर्जी असेलच असं नाही.

मग रक्ततपासणीने निकाल लागतो का? नुसत्या तपासणीने नाही. बंगळूरु-म्हैसूर भागातल्या प्रौढांच्या २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २६.५ टक्के लोकांच्या रक्तात कुठल्या ना कुठल्या अन्नाविरुद्ध आयजीई आढळलं; खाल्ल्यावर त्रास होण्याचा इतिहासही जुळला तो फक्त १.२ टक्के लोकांत. निव्वळ अहवाल पाहून पथ्य लावलं, तर कित्येकांच्या ताटातलं चांगलं अन्न विनाकारण जाईल. परदेशी याद्या जशाच्या तशा उचलूनही भागत नाही. मुंबईत डॉ. प्रमोद निफाडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली दाखवून दिलं, की आपल्याकडे हरभरा हा महत्त्वाचा अ‍ॅलर्जीकारक आहे. आणि बेसन आपल्या किती पदार्थांत असतं, हे वेगळं सांगायला नको.

भीतीपोटी चुकीचे निर्णयही होतात. अंड्याची अ‍ॅलर्जी असलेल्या मुलाला गोवराची लस द्यावी का, असं पालक विचारतात. सीरमच्या गोवर-रुबेला लशीचे विषाणू अंड्यात नव्हे, मानवी पेशींच्या संवर्धनात वाढवले जातात. अंड्याच्या अ‍ॅलर्जीमुळे ती लस चुकवण्याचं कारण नाही. बाळाला शेंगदाणा उशिरा देण्याचा जुना सल्लाही २०१५ च्या ब्रिटिश चाचणीने मोडीत काढला. ४ ते ११ महिन्यांच्या ६४० बाळांपैकी ज्यांना शेंगदाणा नियमित दिला, त्यांच्यात पाचव्या वर्षी त्याची अ‍ॅलर्जी ८१ टक्क्यांनी कमी आढळली. अर्थात तो द्यायचा कुटून, पेजेत कालवून. अख्खा दाणा घशात अडकतो. तीव्र एक्झिमा असलेल्या बाळाच्या बाबतीत आधी डॉक्टरांना विचारावं.

त्रास झाला की चार गोष्टी लिहून ठेवा: काय खाल्लं, किती खाल्लं, किती वेळाने त्रास झाला आणि नेमकं काय झालं. तज्ज्ञाला या नोंदींचा उपयोग महागड्या तपासण्यांच्या गठ्ठ्यापेक्षा जास्त होतो. अ‍ॅलर्जी ठरली तर पाकिटावरची अ‍ॅलर्जीकारक घटकांची नोंद वाचा. कायद्याने ती छापावीच लागते. शाळेला लेखी कळवा. श्वास लागला किंवा भोवळ आली, तर अ‍ॅलर्जीच्या गोळीवर विसंबून घरी थांबू नका. रुग्णाला आडवं ठेवा, श्वास लागत असेल तर टेकून बसू द्या, आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन करा. अशा वेळी जीव वाचवणारं औषध म्हणजे मांडीच्या स्नायूत दिलेलं अ‍ॅड्रेनॅलिन, आणि ते वेळेत मिळायला हवं. पण नुसतं पोट फुगत असेल, तर मुलाचं दूध कायमचं तोडण्याआधी ते कमी करून बघा, दही देऊन बघा. वाढत्या वयात प्रथिनं आणि कॅल्शियम देणारा पदार्थ खात्री केल्याशिवाय ताटातून काढू नये.