इंजिनाला गार हवा किती मानवते?

मोटारींचा शौक असलेले तरुण घरच्या घरी एक उद्योग करतात. हार्डवेअरच्या दुकानातून प्लॅस्टिकचा पाइप, रबरी नळीचा तुकडा आणि दोन-चार क्लिपा आणायच्या आणि इंजिनाच्या एअर फिल्टरपासून बंपरमागच्या मोकळ्या जागेपर्यंत तो पाइप नेऊन बसवायचा. बॉनेटखालच्या तापलेल्या हवेऐवजी बाहेरची गार हवा मिळाली की मोटारीची ताकद वाढते, असे त्यांचे म्हणणे असते. यात तथ्य किती, हे शाळेत शिकवल्या जाणाऱ्या वायूंच्या नियमांवरून आपल्याला ठरवता येईल.

१ ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. जास्त पेट्रोल सोडणे सोपे असते. जास्त हवा भरणे अवघड, कारण सिलिंडरचे आकारमान ठरलेले असते. १ लिटर क्षमतेचे फोर-स्ट्रोक इंजिन दर दोन फेऱ्यांत फार तर १ लिटरच्या आसपास हवा ओढते. मात्र ज्वलनाच्या दृष्टीने महत्त्व असते ते लिटरला नव्हे, ग्रॅमला. समुद्रसपाटीच्या दाबाला १ लिटर कोरडी हवा ३० अंश सेल्सियसला १.१६ ग्रॅम भरते, तर ६० अंशांना १.०६ ग्रॅम. म्हणजे ३० अंशांच्या हवेत सुमारे १० टक्के अधिक ऑक्सिजन असतो.

वर्गात हे दाखवता येते. आतून कोरडी असलेली १ लिटरची काचेची बाटली ६० अंशांच्या पाण्यात गळ्यापर्यंत बुडवून पाच-दहा मिनिटे उघडी धरा. मग बूच घट्ट लावून ती साध्या पाण्याच्या बादलीत उलटी करा आणि पाण्याखालीच बूच काढा. बाटली निवली की आतली व बाहेरची पाण्याची पातळी एक करा, पुन्हा बूच लावा व आत आलेले पाणी मोजा. गणित सांगते, ३०३ भागिले ३३३, म्हणजे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी घटेल आणि ९० मिलिलिटरच्या आसपास पाणी आत येईल. प्रत्यक्षात थोडे कमी येते, कारण बाटलीत पाण्याची वाफही मिसळते. हा फरक का पडला, हे मुलांनाच शोधू द्यावे.

मग ताकदही १० टक्क्यांनी वाढते का? नाही. सिलिंडरपर्यंत पोहोचताना गार हवा तापलेल्या भिंतींकडून अधिक उष्णता घेते आणि फरक कमी होतो. इंजिनांच्या प्रमाणित चाचण्यांत पेट्रोल इंजिनाची शक्ती साधारणपणे निरपेक्ष तापमानाच्या वर्गमूळाच्या व्यस्त प्रमाणात धरतात. त्या हिशेबाने ३० अंशांच्या फरकाला सुमारे ५ टक्के, तर ५ अंशांच्या फरकाला १ टक्क्याहूनही कमी वाढ मिळते. तीही अॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असतानाच. एरवी चालक थ्रॉटलची झडप अर्धवट बंद ठेवून हवा मुद्दाम कमी घेत असतो. हवा दाट झाली, तर तो झडप आणखी थोडी मिटतो, इतकेच. म्हणून रोजच्या प्रवासात पेट्रोल वाचेल, अशी अपेक्षा धरू नये. उलट, युरोपातल्या कार्ब्युरेटरच्या अनेक जुन्या मोटारींत हिवाळ्यात एग्झॉस्टजवळची गरम हवा मुद्दाम घेत असत, कारण फार गार हवेत पेट्रोलची नीट वाफ होत नाही.

तेव्हा पाइप कापण्याआधी मोजमाप करावे. वायरीच्या टोकाशी संवेदक असलेला साधा डिजिटल थर्मामीटर हवा आत घेणाऱ्या तोंडाशी बांधावा आणि मोटार वेगात असताना शेजारी बसलेल्याने आकडे टिपावेत. सिग्नलला उभ्या असलेल्या मोटारीत हे तापमान बरेच चढते, पण तेव्हा ताकदीची गरज नसते. आजच्या बहुतेक मोटारींत हवा मुळातच समोरच्या जाळीमागून किंवा हेडलाइटजवळून घेतलेली असते. वेगात असताना बाहेरच्या हवेशी चार-पाच अंशांचाच फरक दिसला, तर नव्या पाइपाने काहीच साधणार नाही.

तरीही करायचेच असेल, तर काही पथ्ये आहेत. पाइप मुळापेक्षा अरुंद नसावा. फिल्टर कधीही काढू नये. धुळीतली वाळू सिलिंडरच्या भिंती घासून काढते. फिल्टरनंतरचे सांधे हवाबंद असावेत. जेथे हवेचे वस्तुमान मोजणारा संवेदक असतो, तेथे त्याच्या जागचा व्यास बदलू नये. नाहीतर संगणक पेट्रोलचे प्रमाण चुकवतो.

सर्वांत मोठा धोका पाण्याचा. गार हवा मिळते म्हणून पाइपाचे तोंड बंपरखाली नेले, की ते रस्त्यावर साचलेल्या पाण्याच्या जवळ येते. चार सिलिंडरच्या १ लिटर इंजिनात एकेका सिलिंडरमध्ये दट्ट्या २५० घनसेंटिमीटर जागा व्यापतो. संपीडन गुणोत्तर १० असेल, तर दट्ट्या वर आल्यावर शिल्लक जागा उरते जेमतेम २८ घनसेंटिमीटर. हवा दाबली जाते, पाणी जवळजवळ दाबले जात नाही. दोन मोठे चमचे पाणी एका सिलिंडरमध्ये शिरले, तरी कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. इतका नव्हे, पण चाक अर्धे बुडवणारे पाणी आपल्या शहरांत दर पावसाळ्यात कोठे ना कोठे साचतेच. कारखान्याने हवेचे तोंड उंचावर ठेवलेले असते, ते यासाठीच. जास्तीत जास्त पाच टक्क्यांसाठी ही उंची सोडावी का, हा प्रश्न विद्यार्थ्यांपुढे आकड्यांसह ठेवावा.