ऐंशी-वीस

बंगळुरातल्या राजाजीनगरात लेकीकडे महिनाभर राहायला आले, त्यातला पहिला आठवडा पत्ते समजून घेण्यात गेला. इथला पत्ता म्हणजे ब्लॉक, मेन आणि क्रॉस. मेन सापडला की क्रॉस हरवतो. इस्कॉनचं देऊळ झालं, मल्लेश्वरमला जाऊन शिवरायांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांच्या नावाशी जोडलेलं काडु मल्लेश्वर झालं. पाहुणीसारखं सगळं बघून झालं, पण सकाळ काही केल्या आपली होईना. घरात चहा नव्हता. लेक-जावई पुरते कॉफीचे झालेले. एक दिवस डबा रिकामा झाला आणि लेक म्हणाली, "आई, कोपऱ्यावरून पाव किलो पूड आणतेस?"

कॉफी म्हणजे आमच्याकडे जायफळ घातलेली, पाहुणे आले की दुधात उकळायची, गोड. तेवढ्या ज्ञानावर मी निघाले.

बंगळुरात अशा दुकानांच्या पाट्यांवर बहुधा 'कॉफी वर्क्स' लिहिलेलं असतं. हे दुकान जेमतेम एका खोलीचं. भिंतीला टेकून भाजलेल्या बियांचे पत्र्याचे डबे, मधोमध दळणयंत्र, आणि मालकांच्या भुवयांवर तपकिरी धूळ. पुढच्या गिऱ्हाइकाने नुसतं "कालु केजी, ऐंशी-वीस" म्हटलं आणि काम सुरू झालं. कालु केजी म्हणजे पाव किलो.

दोन डब्यांतून बिया तागडीत पडल्या. एका डब्यातल्या चपट्या, दुसऱ्यातल्या गोल. कॉफीच्या फळात सहसा दोन बिया एकमेकींना टेकून वाढतात, म्हणून प्रत्येकीची एक बाजू सपाट होते. कधी एकच बी वाढते आणि ती गोल राहते. तिला पीबेरी म्हणतात. यंत्र घरघरलं, खाली कोमट पूड जमली आणि वास फूटपाथपर्यंत गेला. मग वेगळ्या डब्यातून गडद भुकटी मोजून घेतली आणि पळीने पुडीत कालवली. ती चिकोरी. एका झाडाचं मूळ, भाजून दळलेलं. ऐंशी-वीस म्हणजे ऐंशी भाग कॉफी आणि वीस भाग ती.

"निमगे, अम्मा?" मालकांनी विचारलं.

माझ्या डोक्यात एकच शब्द आला, भेसळ. म्हटलं, चिकोरी नको, शुद्ध द्या. मालक हसले. "दूध डालोगी तो खो जाएगा, अम्मा." तरीही मागितलं ते दिलं, आणि पूड गरम आहे, घरी गेल्यावर थोडा वेळ पुडीचं तोंड उघडं ठेवा, हे खुणेने बजावलं.

फिल्टर म्हणजे एकावर एक बसणारी दोन भांडी. वरच्याच्या बुडाला बारीक भोकं. त्यात पूड घालायची, दांडीच्या चकतीने हलकेच दाबायची, कढत पाणी ओतायचं आणि झाकण लावून गप्प बसायचं. खाली थेंबाथेंबाने उतरतं ते डिकॉक्शन. माझं भरभर उतरलं. मी खूश. दूध घातलं तर पेल्यात नुसतं तपकिरी दूध. मालक म्हणाले तसंच झालं, कॉफी दुधात हरवली.

दुसऱ्या खेपेला सत्तर-तीस आणली आणि चकती जोर लावून दाबली. अर्धा तास झाला तरी खाली थेंब नाही. चिकोरी पाणी धरून ठेवते, मग पाण्याला पुडीत रेंगाळावं लागतं आणि अर्क दाट उतरतो. पण त्यावर मनगटाचा जोर पडला की वाटच बंद. लेकीने चमच्याने भांडं ठोकून पाहिलं. शेवटी त्या सकाळी आम्ही दर्शिनीत, इथल्या उभ्याने खायच्या हॉटेलात, जाऊन उभ्या-उभ्या 'बाय टू' घेतली, म्हणजे एक कॉफी दोन पेल्यांत.

पाकिटबंद पुडीवर चिकोरीचं प्रमाण छापावं लागतं. कायद्याने मिश्रणात कॉफी निदान 51 टक्के हवी. म्हणजे जिला मी भेसळ समजत होते, तिची रीतसर नोंद होती. गिऱ्हाईक ती आपल्या जिभेला आणि आपल्या दुधाला जुळेल इतकी मागून नेतं. त्या दुकानात शुद्ध कॉफीवरून कुणी हुज्जत घालताना मला दिसलं नाही. जो तो आपला आकडा सांगत होता.

तिसऱ्या खेपेला मीही सांगितला. त्या दिवशी चकती पुडीवर नुसती टेकवली. वीसेक मिनिटांत काळंभोर डिकॉक्शन जमलं. दूध घालून पेल्यातून वाटीत, वाटीतून पेल्यात असं उंचावरून ओतलं, तेव्हा वर फेस आला. जावई काही बोलले नाहीत, फक्त पेला पुन्हा पुढे केला.

निघायच्या आदल्या दिवशी पुण्यासाठी अर्धा किलो घेतली. मालकांनी पूड बांधली आणि म्हणाले, "होगि बन्नि." जाऊन या.

माझ्या तोंडून आपसूक मराठीच निघालं, "येते."