सुप्याचा बारा मे



भिंतीवरच्या कॅलेंडरांत प्रत्येक तारखेच्या वाट्याला एकच चौकोन येतो. इतिहासाला मात्र तो नेहमींच अपुरा पडतो. बारा मे हीच तारीख घ्या. १६६६ सालीं ह्या तारखेस आग्र्याच्या दरबारांत शिवाजी महाराज औरंगजेबासमोर उभे राहिले, आणि झालेला अपमान सहन न होऊन त्यांनीं भर दरबारांत आपला संताप प्रकट केला. १८२० सालीं ह्याच तारखेस इटलींतील फ्लॉरेन्स शहरीं एका इंग्रज कुटुंबांत एक मुलगी जन्मली; त्या शहराचेंच नांव तिला ठेवण्यांत आलें, आणि फ्लॉरेन्स नाइटिंगेल म्हणून पुढें सारें जग तिला ओळखूं लागलें. १८७५ सालीं ह्याच तारखेस, बुधवारीं, पुणें जिल्ह्यांतील सुपें गांवीं शेतकऱ्यांनीं सावकारांचे कर्जरोखे आणि वह्या ओढून काढून जाळून टाकल्या.

पहिल्या दोन गोष्टी शाळेंतल्या मुलांनाही सांगतां येतात. तिसरी आपण ऐकलेली असते, पण पुसटशी. आज तिच्याविषयींच चार शब्द बोलावे असें योजिलें आहे.

तीन घटना एका तारखेस पडल्या हा अर्थातच योगायोग. शिवाय तारीख एक असली म्हणजे दिवसही एक असतो असें नाहीं. आग्र्याच्या दरबाराची तारीख जुन्या ज्यूलियन गणनेची आहे. आजच्या गणनेनें तो दिवस २२ मे होय. तरी पण योगायोगांतूनही एखादें सूत्र हातीं लागतें. पुणें आणि सुपें हे भोंसल्यांच्या जहागिरीचे परगणे. म्हणजे आग्र्यास ताठ मानेनें उभा राहिलेला पुरुष ह्याच मुलखाचा धनी. आणि नाइटिंगेलबाईंनीं उतारवयांत, १८७८ सालीं, विलायतेंतील एका मासिकांत हिंदुस्थानच्या रयतेच्या दैन्याविषयीं आणि तिच्या मानेवर बसलेल्या सावकारीविषयीं लेख लिहिला. सुप्याचा धूर इतक्या दूर पोंचला होता.

आतां त्या दिवसाकडे वळूं.

सुपें त्या वेळीं भीमथडी तालुक्यांत मोडत असे. आज तें बारामती तालुक्यांत आहे. गांव मोठें, बाजारपेठेचें. वाण्याउदम्यांचीं आणि सावकारांचीं दुकानें तेथें पुष्कळ. त्या दिवशीं भोंवतालच्या खेड्यांतले शेतकरी तेथें जमले आणि दुकानांवर व घरांवर चालून गेले. धान्य लुटलें गेलें, कांहीं ठिकाणीं आगीही लागल्या. परंतु जमावाची मागणी सर्वत्र एकच होती : “आमचीं खतें आमच्या हवालीं करा.” सावकारानें निमूटपणें कागद काढून दिले कीं बहुतेक ठिकाणीं प्रकरण तेवढ्यावरच थांबे. पुढें महिना-दोन महिने पुणें आणि अहमदनगर ह्या जिल्ह्यांतील तिसांहून अधिक गांवांत हाच प्रकार घडला. पोलीस अपुरे पडून लष्कर बोलवावें लागलें. दोन्ही जिल्हे मिळून ९५१ माणसें पकडलीं गेलीं. इतका मोठा दंगा, पण माणसांच्या जिवावर उठण्याचे प्रकार फारच थोडे. राग होता तो कागदावर.

कागदावर एवढा राग कां असावा? ह्याचें उत्तर शोधण्यासाठीं सुप्याहून पूर्वेस, इंदापुरास जावें लागतें. आणि तेंही चाळीस वर्षें मागें.

१८१८ सालीं पेशवाई बुडाली आणि जमिनीचा सारा ठरविण्याचें काम कंपनी सरकारकडे आलें. प्रिंगल नांवाच्या अधिकाऱ्यानें पहिली मोठी पाहणी केली. प्रत्येक शेताचें निव्वळ उत्पन्न काढावें आणि त्यांतील शेंकडा ५५ सरकारनें घ्यावें, असा त्याचा हिशेब. कागदावर तो चोख दिसे, पण शेतांत तो उतरेना. दर भारी पडले, जमिनी ओस पडूं लागल्या, आणि कित्येक कुळें सरकारी मुलूख सोडून निजामाच्या हद्दींत गेलीं. इंदापूर तालुक्याची दशा तर विशेषच कठीण झाली.

तेव्हां १८३५ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट विंगेट ह्या दोघांनीं इंदापुरांतच नव्या पाहणीस हात घातला. त्यांची रीत साधी होती. प्रत्येक शेत मोजावें, त्यास नंबर द्यावा आणि हद्दीस दगड रोंवावे. मग माती काळी आहे, तांबडी आहे कीं मुरमाड आहे, आणि किती खोल आहे, हें पाहून तिची सोळा आण्यांच्या मापानें प्रतवारी लावावी. दर बेताचे ठेवावे; आणि मुख्य म्हणजे तो सारा तीस वर्षें वाढवावयाचा नाहीं असें वचन द्यावें. ‘सर्व्हे नंबर’ हा जो शब्द आज घरोघरीं ऐकूं येतो, त्याचें मूळ मुंबई इलाख्यांत ह्या इंदापूरच्या पाहणींत आहे. हीच पद्धत पुढें सर्व इलाख्यांत पसरली. ओसाड जमिनी पुन्हां लागवडीस आल्या. तेवढ्यापुरतें ह्या दोघांचें यश निर्विवाद आहे.

पण त्या व्यवस्थेंत दोन खिळे असे होते कीं ते पुढें शेतकऱ्याच्या पायांत रुतले. पहिला असा कीं, सारा रोख रकमेंत आणि ठराविक हप्त्यानें द्यावयाचा. पाऊस पडो वा न पडो, हप्ता चुकतां उपयोगी नाहीं. म्हणून दाणे विकण्यापूर्वींच पैसा हवा, आणि तो गांवांत एकाच ठिकाणीं मिळणार. सारा भरण्यासाठीं सावकार हा जवळजवळ सरकारी व्यवस्थेचाच एक भाग होऊन बसला. दुसरा खिळा हा कीं, जमीन आतां नंबरानिशीं कुळाच्या नांवें नोंदली गेली, तिला किंमत आली. आणि जिला किंमत आहे ती वस्तु तारण म्हणून चालते.

पूर्वीं सावकार नव्हते असें नाहीं. परंतु जुना सावकार गांवावर अवलंबून असे. पाटलाच्या आणि पंचांच्या विरुद्ध जाऊन वसुली करणें त्यास सोपें नव्हतें, म्हणून तोही बेतानें वागे. इंग्रजी अमलांत त्याच्या पाठीशीं दिवाणी न्यायालय उभें राहिलें. तेथें गांव काय म्हणतो ह्यास महत्त्व नाहीं; कागद काय म्हणतो एवढेंच पाहिलें जाई. कागद मात्र असे सावकाराच्या हातचा, आणि त्यावर अंगठा असे कुळाचा, ज्यास तो वाचतां येत नसे.

ह्यांत १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानें भर घातली. हेतु चांगला होता : कर्जरोख्याची मुदत तीनच वर्षें धरावी, म्हणजे व्याज वर्षानुवर्षें सांचत राहणार नाहीं. घडलें तें उलटें. तीन वर्षें भरत आलीं कीं सावकार नवें खत लिहून मागे. त्यांत मागील मुद्दल आणि व्याज मिळून नवें मुद्दल होई, आणि त्यावर पुन्हां व्याज चढूं लागे. दंग्याच्या चौकशींत एक उदाहरण असें निघालें कीं शंभर रुपयांच्या कर्जावर दोन हजारांहून अधिक व्याज आकारलें गेलें होतें. पावती देण्याची चाल नव्हती. किती फेडलें आणि किती राहिलें हें सावकाराची वही सांगेल तेंच खरें.

अशांत सातासमुद्रांपलीकडे एक गोष्ट घडली. १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी सुरू झाली आणि तेथून विलायतेस जाणारा कापूस बंद पडला. पुढच्याच वर्षीं विलायतेंत आलेल्या कापसांत बहुतेक माल हिंदुस्थानचा होता. मुंबईस पैशाचा पूर आला. भीमथडी-इंदापूरची जमीन मुख्यतः ज्वारी-बाजरीची, कापसाची नव्हे. तरीही महागाईची लाट आली ती सर्वच मालावर. मजुरीही वाढली. १८६० पर्यंत आगगाडी ह्याच मुलखांतून सोलापुरास पोंचली होती, त्या कामाचा पैसाही खेळत होता. शेतकऱ्यास कधीं मिळाली नव्हती इतकी पत मिळाली, आणि पत मिळाली म्हणजे माणूस कर्ज काढतोच. १८६५ सालीं यादवी संपली. भाव कोसळले, सावकारांनीं हात आंखडते घेतले आणि जुन्या बाकीचा तगादा लावला.

नेमकी ह्याच वेळीं इंदापूरची तीस वर्षांची मुदत संपली. १८६७ सालीं साऱ्याची फेरआकारणी पुन्हां इंदापुरांतच प्रथम झाली, आणि ती करतांना अधिकाऱ्यांच्या डोळ्यांपुढें भाव होते ते तेजीच्या काळांतले. सारा दीडपटीच्या आसपास गेला, कांहीं ठिकाणीं दुपटीपर्यंतही चढला. भीमथडींतही तोच क्रम. पुण्याच्या सार्वजनिक सभेनें ह्याविरुद्ध आवाज उठविला. १८७४ सालीं सरकारनें वाढीस मर्यादा घातली खरी. पण तोंवर बाकीचे आंकडे वह्यांत चढून बसले होते.

त्याच वर्षाच्या डिसेंबरांत शिरूर तालुक्यांतील कर्डें गांवीं पहिली ठिणगी पडली. दीडशें रुपयांच्या हुकूमनाम्यापायीं तेथील एका देशमुखाचें राहतें घर सावकारानें घेतलें आणि तें पाडावयास काढलें. गांवानें त्यास मारलें नाहीं. त्याच्याशीं व्यवहार तोडला. त्याच्या दुकानीं गिऱ्हाईक जाईना, न्हावी येईना, पाणी भरावयास कोणी मिळेना. शेवटीं बिऱ्हाड हलविणें त्यास भाग पडलें. आसपासच्या गांवांनीं हाच कित्ता गिरविला. जोडीला अफवा उठली कीं, एका साहेबाची इस्टेट सावकारानें बुडविली म्हणून विलायतेच्या राणीनेंच खतें परत करण्याचा हुकूम सोडला आहे. ती खरी नव्हती. पण खरी वाटावी अशी लोकांची स्थिति होती. त्यानंतर पांच महिन्यांनीं सुपें घडलें.

येथें न्यायाची गोष्ट सांगितली पाहिजे. ज्यांचीं घरें लुटलीं गेलीं ते बव्हंशीं मारवाडी आणि गुजराथी, म्हणजे बाहेरून आलेले व्यापारी. त्यांत लबाड होते तसे सचोटीचेही असतील. त्यांच्या बायकामुलांनीं ते दिवस कोणत्या भीतींत काढले असतील ह्याचा विचार आपण क्वचितच करतों. सारा त्यांनीं वाढविला नव्हता, आणि मुदतीचा कायदाही त्यांनीं केला नव्हता. त्यांनीं त्याचा फायदा मात्र घेतला. शेतकऱ्यास सरकार दिसत नव्हतें. त्यास दिसत होतें तें शेजारचें दुकान. म्हणून राग तेथें गेला.

पुढें सरकारनें चौकशीमंडळ नेमलें आणि १८७९ सालीं दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीं कायदा झाला. पुणें, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर ह्या चार जिल्ह्यांस तो लागू झाला. त्यांतील मोठी गोष्ट ही कीं, न्यायाधीशानें केवळ खतावर न थांबतां पहिल्या कर्जापासूनचा सारा हिशेब तपासावा. कर्जापायीं शेतकऱ्यास तुरुंगांत टाकणेंही बंद झालें. ह्या कायद्याच्या अंमलबजावणींत न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे ह्यांनीं खास न्यायाधीश म्हणून काम केलें. तथापि पळवाटा निघाल्याच. हिशेब तपासला जातो असें दिसतांच कांहीं सावकार गहाणखताऐवजीं थेट खरेदीखतच लिहून घेऊं लागले.

मधल्या काळांत १८७६ चा भयंकर दुष्काळ येऊन गेला. त्यानंतर १८८५ च्या सुमारास नीरेच्या डाव्या कालव्याचें पाणी बारामती आणि इंदापूर ह्या मुलखांत खेळूं लागलें आणि ज्वारीच्या रानांत ऊंस उभा राहिला. १९०४ सालीं सहकारी पतपेढ्यांचा कायदा झाला. कर्ज नाहींसें झालें नाहीं, पण तें मिळविण्याची दुसरी दारें उघडलीं. वह्या जाळून जें साधलें नाहीं, त्याचा थोडा तरी भाग पाण्यानें आणि सहकारानें साधला, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

आतां पुन्हां कॅलेंडराच्या त्या चौकोनाकडे या. त्यांत ‘सुपें येथें दंगा’ एवढेंच लिहितां येतें, आणि तें खोटें नाहीं. परंतु इंदापूरचा १८३६ चा करार, १८५९ चा मुदतीचा कायदा, १८६५ ची मंदी आणि १८६७ ची सारावाढ, ह्या चार नोंदी कोणत्याही कॅलेंडरांत छापलेल्या नसतात. त्या दिवशीं कोणी मशाल पेटविली नाहीं, कीं कोणी आरोळी ठोकली नाहीं. कचेरींत एका शांत माणसानें एका कागदावर सही केली, इतकेंच. सावकाराच्या वहींत जशी पानाच्या तळाशीं बेरीज असते, तशी बारा मे ही बेरीज आहे. बेरीज पाहून दचकणें सोपें असतें; पण हिशेब समजून घ्यावयाचा तर पान वरून वाचीत आलें पाहिजे. सुप्याच्या शेतकऱ्यास तें वाचतां येत नव्हतें, म्हणून त्यानें तें जाळलें. आपणांस वाचतां येतें.