शिपायाची टोपी व परक्या तुकडींतील नेमबाज

शिपायाची टोपी ऊनपावसासाठीं असते, असें वरवर पाहणारास वाटेल. परंतु आपल्याकडे पागोट्याच्या बांधणीवरून जशी मनुष्याची ओळख पटत असे, तशीच सैन्यांत टोपीवरून पलटण ओळखूं येते. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या टोपीवरील बिगुल हें अशांपैकींच चिन्ह होय. लाइट पलटणींस विखरून लढावें लागे, आणि विखुरलेल्यांस हुकूम बिगुलावरून मिळत. एकट्यादुकट्या शिपायास ही खूण किती मोलाची, हें कळण्यासाठीं आम्ही एक जुनें उदाहरण घेतों.

इंग्रजी सैन्याच्या ६० व्या रेजिमेंटची पांचवी पलटण १७९७ सालीं उभारली गेली. तींत भरणा बहुतेक जर्मनांचा. इतर पायदळ तांबड्या डगल्यांत, तर हे हिरव्या डगल्यांत, हातीं रायफल. साध्या बंदुकीची नळी आंतून गुळगुळीत असे, व शंभर यार्डांपलीकडे तिचा भरंवसा नसे. बेकर रायफलीच्या नळींत मात्र सात पिळदार खांचा होत्या. त्यांमुळें गोळी स्वतःभोंवतीं फिरत जाई व दोनशे यार्डांवरही नेम साधे. पण गोळी तेलकट चिंधींत गुंडाळून नळींत ठासावी लागे, आणि त्यांत वेळ जाई. तेवढ्यांत घोडेस्वार चालून आले, तर एकटा नेमबाज मेलाच म्हणावयाचा! त्यास बंदूकवाल्यांच्या रांगेचा आसरा हवा. रांगेलाही शत्रूचे अधिकारी दुरून टिपणारा हवा.

म्हणून १८०९ सालीं पोर्तुगालांत वेल्सलीनें (हाच पुढें ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला) ही पलटण फोडून तिच्या कंपन्या निरनिराळ्या ब्रिगेडींस वांटून दिल्या. त्या शिपायांस परक्यांत राहून परक्यांचे हुकूम मानावे लागले. मात्र डगला व टोपीवरचा हिरवा तुरा त्यांचाच राहिला. हा आम्हांस शहाणपणाचा निर्णय वाटतो. त्याच वर्षीं तालावेराच्या लढाईंत वेल्सली शत्रूच्या हातीं सांपडतां सांपडतां बचावला, तेव्हां धीर न सोडणाऱ्या तुकड्यांत या हिरव्या डगल्यांचाही समावेश होता.

पहिल्या महायुद्धांत टोपीचा दुसरा गुण, म्हणजे अवगुण, उघड झाला. खंदकाच्या कडेवर सपाट, ताठ टोपी किंचित् दिसली कीं जर्मन नेमबाज गोळी घाली. १९१६ सालीं स्कॉटलंडच्या डोंगरांतील शिकारी, लव्हॅट स्काउट्स, दुर्बिणी घेऊन फ्रान्सांत निरनिराळ्या तुकड्यांबरोबर टेहळणीस गेले. तेथें मेजर हेस्केथ-प्रिचर्ड यांनीं नेमबाजांची शाळा काढली होती. त्यांची एक युक्ति पाहण्याजोगी आहे. कागदाच्या लगद्याचें डोकें टोपी घालून कडेवर उभें करीत. शत्रूची गोळी आरपार गेली, कीं तें पेरिस्कोपाच्या उंचीइतकें खालीं घेत. मग पुढच्या भोंकासमोर पेरिस्कोप धरून मागच्या भोंकांतून पाहिलें, म्हणजे गोळी जिकडून आली ती जागा नेमकी दिसे. आणि पाहणाराचें स्वतःचें डोकें खंदकांतच राही.