परसातली कोंबडी : भाग 7 – भरड्यात काय आहे, काय नाही

मागच्या आठवड्यात खुराड्यातली ओल आणि पिसवांचा बंदोबस्त पाहिला. आता खाण्याकडे वळू. माण, खटाव, जत, आटपाडी या दुष्काळी तालुक्यांकडे कोंबड्यांच्या वाट्याला सुपातली ज्वारी-बाजरीची पाखडण यायची. आता मका सगळीकडे मिळतो, गिरणीवाला पाच मिनिटांत भरडून देतो आणि कोंबड्या त्यावर तुटून पडतात. त्यामुळे भरडा टाकला की कोंबडीचं पोट आणि आपली जबाबदारी, दोन्ही मिटलं असं अनेक घरांत धरलं जातं. अंडी कमी झाली की तिथे भरडा वाढवतात. नेमकं तिथेच चुकतं.

मका हे ताकदीचं धान्य आहे, यात शंका नाही. किलोभर मक्यातून कोंबडीला सुमारे 3,300 किलोकॅलरी ऊर्जा मिळते. एवढी ऊर्जा देणारं दुसरं धान्य आपल्याकडे नाही. पण प्रथिनं जेमतेम 8 ते 9 टक्के, आणि तीही अपुरी, कारण लायसिन आणि ट्रिप्टोफॅन ही दोन अमिनो आम्लं मक्यात फार थोडी असतात. कॅल्शियम तर जवळजवळ नाहीच.

एका अंड्याचा हिशेब मांडून पाहा. मध्यम आकाराच्या अंड्यात साडेपाच ते सहा ग्रॅम प्रथिनं असतात, त्यात लायसिन 400 मिलिग्रॅमच्या आसपास. कवचात दोन ग्रॅम कॅल्शियम. आता 50 ग्रॅम भरडा घ्या, म्हणजे साधारण एक चांगली मूठ. त्यातून प्रथिनं मिळतात साडेचार ग्रॅम, लायसिन सव्वाशे मिलिग्रॅम आणि कॅल्शियम ग्रॅमचा शंभरावा भाग. उरलेलं सगळं कोंबडी कुठून आणते? उकिरड्यातून, वाळवीतून, नाकतोड्यांतून, कोवळ्या गवतातून, सांडलेल्या कडधान्यातून. कॅल्शियम कमी पडलं तर ती स्वतःच्या हाडांतून काढते, मग कवच पातळ होतं आणि शेवटी अंडंच थांबतं. भरडा दुप्पट केला तर दोन ग्रॅमची ही तूट भरत नाही. उलट पोट भरलं म्हणून कोंबडी उकिरडा उकरायची कमी होते आणि जादा पिष्ट पोटात चरबी होऊन साठतं. चरबी धरलेली कोंबडी अंड्यावर येत नाही.

बलकाचा पिवळा रंग इथे फसवतो. पिवळ्या मक्यात झिॲझँथिन आणि ल्युटिन ही रंगद्रव्यं असतात, ती थेट बलकात उतरतात. ज्वारीत ती नसल्यासारखीच, म्हणून नुसत्या ज्वारीवरच्या कोंबडीचा बलक फिका दिसतो. पण रंग गडद म्हणून अंड्यात प्रथिनं जास्त, असं काही नाही. लसूणघासाच्या चार काड्या खुराड्यात टांगल्या तरी बलक तितकाच रंगतो, वर जीवनसत्त्वंही मिळतात.

दुष्काळी तालुक्यांतल्या वाचकांनी मक्याच्या मागे लागूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. बाजरीत प्रथिनं 11 टक्क्यांच्या पुढे असतात, लायसिनही मक्यापेक्षा बरं. दाणा बारीक, भरडायची कटकट नाही. ऊर्जा थोडी कमी, पण परसात फिरणाऱ्या कोंबडीला ती पुरते. फक्त अरगटाचे काळे दाणे असलेली बाजरी टाकू नका. मक्याच्या भावाचाही विचार करा. डिसेंबर 2023 मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर केंद्राने निर्बंध आणले आणि इथेनॉलवाल्यांची मक्याची मागणी वाढली. 2025-26 साठी मक्याचा हमीभाव क्विंटलला 2,400 रुपये होता. परसातल्या कोंबडीला मका स्वस्त पडतो म्हणून द्यायचा, हा काळ सरत आला आहे.

कोंबड्या बंदिस्त असतील तर मात्र हिशेब पूर्ण बदलतो. 2019 साली इस्लामपूरहून उघड झालेल्या कडकनाथ कोंबड्यांच्या घोटाळ्यात कंपनीने पिल्लं आणि खाद्य द्यायचं, अंडी-पक्षी परत घ्यायचे, असा करार होता. ते सगळं थांबलं आणि शेतकऱ्यांच्या शेडमधली पाखरं खाद्याविना अडकली. जाळीतल्या पाखराला उकिरडा नाही, वाळवी नाही; आपण देऊ तेवढंच त्याचं जग. त्याला नुसता भरडा देणं म्हणजे उपासमारच. अंड्यावरच्या बंदिस्त गावठी कोंबड्यांसाठी 10 किलो खाद्य असं होतं : भरडा 6 किलो, सोयाबीन पेंड 2 किलो, गव्हाचा कोंडा 1 किलो 100 ग्रॅम, शिंपल्याची भरड 750 ग्रॅम, कोंबड्यांचं खनिज-जीवनसत्त्व मिश्रण 120 ग्रॅम, मीठ 30 ग्रॅम. प्रथिनं 16 टक्क्यांच्या जवळ येतात. हे पिल्लांना देऊ नका. एवढ्या कॅल्शियमने त्यांची मूत्रपिंडं बिघडतात. घरचं कच्चं सोयाबीनही चालत नाही. त्यातला प्रथिनं पचू न देणारा घटक भाजल्याशिवाय जात नाही. म्हशीची सरकी पेंड तर नकोच, तिच्यातल्या गॉसिपॉलमुळे ठेवलेल्या अंड्याचा बलक हिरवट-तपकिरी पडतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं : बुरशी. अखंड दाण्याला साल राखते. भरडल्यावर कोंबातलं तेल उघडं पडतं, खवट होतं आणि पीठ हवेतली ओल ओढतं. परतीच्या पावसात काढलेला मका नीट वाळला नसेल तर अस्परजिलस बुरशी धरते आणि अफ्लाटॉक्सिन तयार होतं. 1960 साली इंग्लंडमध्ये लाखभर टर्की पक्षी मेले ते असल्याच बुरशीच्या भुईमूग पेंडीने. 1974 मध्ये पंचमहाल आणि बांसवाडा भागात बुरशीचा मका खाऊन शंभराहून अधिक माणसं दगावली. हे विष धुऊन, वाळवून किंवा शिजवून जात नाही. 2019 आणि 2021 च्या महापुरात कृष्णाकाठी घराघरांतलं धान्य भिजलं. असं धान्य ‘माणसाला नको तर कोंबडीला’ म्हणून ठेवण्याचा मोह होतो. कृपा करून ते पुरून टाका. थोड्या विषाने कोंबडी लगेच मरत नाही. तुरा फिका पडतो, अंडी घटतात आणि राणीखेत रोगाची लस टोचूनही नीट लागू पडत नाही. मग दोष लशीला दिला जातो.

म्हणून पंधरा दिवस पुरेल एवढंच भरडून आणा आणि चाळून घ्या. विष जास्त करून फुटक्या-पिठूळ भागात असतं. मोठ्या कोंबडीला भरड्याची गरजही नाही. बारीक खडे खायला मिळाले तर ती अख्खा दाणा दळते, भरडा लागतो तो तलंगांना.

‘मका उष्ण, उन्हाळ्यात नको’ असं सगळीकडे ऐकू येतं. पचनात पिष्टापेक्षा प्रथिनांमुळेच जास्त उष्णता निघते, त्यामुळे एकट्या मक्याला दोष देता येत नाही. पण उन्हाळ्यात कोंबडी मुळातच कमी खाते. त्या थोडक्या खाण्यात मकाच भरला तर प्रथिनं आणखी घटतात.

किती द्यायचं, ते संध्याकाळी कोंबडीच सांगते. खुराड्यात कोंडण्याआधी तिला हातात घ्या, गळ्याच्या खाली, किंचित उजवीकडे चाचपा. खाल्लेलं आधी साठतं ती पिशवी तिथे असते. ती फुगीर लागली तर दिवसभर चरणं झालं आहे, दहा-वीस ग्रॅम पुरे. मऊ, रिकामी लागली तर 40-50 ग्रॅम द्या, पावसाच्या झडीत किंवा पाटण-जावळीच्या थंडीत थोडं जास्त. सकाळी मात्र दाणा नको, तिला उपाशीपोटी उकिरड्याकडे जाऊ द्या. शिंपल्याची भरड वेगळ्या करवंटीत कायम ठेवा. अंड्यावरची कोंबडी हवी तेवढी आपणहून उचलते.