पंख्यांचं विमान: हर्क्युलिसविषयीचे सात गैरसमज

कोल्हापूरसारख्या छोट्या विमानतळाकडे निघालेल्या एटीआर विमानात चढताना कुणीतरी हमखास पुटपुटतं, "अरे, हे तर पंख्याचं आहे!" त्यात थोडी भीती असते, थोडी नाराजीही. पंखा दिसला की विमान जुनं, हळू आणि बेभरवशाचं, असं समीकरण आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. लष्करातल्या मालवाहू विमानांकडेही आपण त्याच नजरेने पाहतो. या समीकरणाला सगळ्यात सणसणीत उत्तर देणारं विमान म्हणजे अमेरिकेच्या लॉकहीड कंपनीचं चार पंख्यांचं सी-१३० हर्क्युलिस. भारतीय हवाई दलातही ते २०११ पासून आहे.

गैरसमज १: पंखा म्हणजे जेटच्या आधीचं तंत्रज्ञान.

वस्तुस्थिती: टर्बोप्रॉपच्या पंख्यामागे जेटच्याच जातीचं इंजिन असतं. हवा आत ओढायची, दाबायची, तिच्यात इंधन जाळायचं आणि तापलेल्या वायूवर टर्बाइन फिरवायचं, इथपर्यंत दोघांची वाट एकच. जेट विमान मागे सोडलेल्या झोताच्या जोरावर पुढे जातं, तर टर्बोप्रॉपमध्ये बहुतेक सगळी शक्ती गिअरबॉक्समार्फत पंख्याला मिळते. पंखा भरपूर हवा तुलनेने सावकाश मागे ढकलतो. त्यामुळे कमी वेगात आणि कमी उंचीवर इंधन वाचतं.

पंखा गरगर फिरत असला, तरी खरी करामत पात्यांच्या कोनात आहे. फिरण्याचा वेग साधारण तोच ठेवून पात्यांचा कोन बदलला की जोर लगेच कमी-जास्त होतो. चाकं जमिनीला टेकल्यावर हाच कोन उलटा केला की पंखे ब्रेकचं काम करतात. हर्क्युलिस तर ट्रॅक्टरच्या मदतीवाचून स्वतःच मागे सरकू शकतं.

गैरसमज २: ७० वर्षांपूर्वीचं विमान अजून वापरतात, म्हणजे नाइलाज असणार.

वस्तुस्थिती: कोरियन युद्धात अमेरिकेला सैनिक आणि सामान कच्च्या धावपट्ट्यांपर्यंत नेणारं विमान हवं होतं. १९५१ मध्ये तशी मागणी निघाली आणि २३ ऑगस्ट १९५४ रोजी पहिलं हर्क्युलिस उडालं. लॉकहीडचेच नामांकित अभियंते केली जॉन्सन यांना हे बोजड रूप मुळीच पसंत नव्हतं. पण तेव्हापासून त्याचं उत्पादन थांबलेलं नाही. आज जॉर्जिया राज्यातल्या मॅरिएटा इथे बनणारं 'जे' मॉडेल पहिल्यांदा उडालं १९९६ मध्ये. बाहेरून ते आजोबांसारखंच दिसतं, आतून मात्र निराळं आहे. चार पात्यांच्या जागी सहा पात्यांचे पंखे आले आणि इंजिनं नवी बसली. पूर्वी दोन वैमानिक, एक नॅव्हिगेटर, एक फ्लाइट इंजिनिअर आणि मालाची व्यवस्था पाहणारा लोडमास्टर असे पाच जण लागत. आता दोन वैमानिक आणि एक लोडमास्टर एवढ्यावर भागतं.

मूळ आकार बदलला नाही, कारण तो कामाला नेमका आहे. पंख छतावर असल्याने इंजिनं जमिनीपासून उंच राहतात आणि खडी-माती त्यांच्यात सहजी जात नाही. चाकं पोटाच्या दोन्ही बाजूंच्या फुगवट्यांत जातात, त्यामुळे आतली जागा मोकळी राहते. विमानाच्या आतला तळ जवळपास ट्रकच्या फाळक्याच्या उंचीवर ठेवलेला आहे, म्हणून ट्रक मागून लावायचा आणि माल थेट आत ढकलायचा.

गैरसमज ३: एवढ्या धुडाला मोठी धावपट्टी लागतेच.

वस्तुस्थिती: ऑक्टोबर १९६३ मध्ये अमेरिकन नौदलाचे वैमानिक जेम्स फ्लॅटली यांनी हर्क्युलिस चक्क 'फॉरेस्टल' या विमानवाहू जहाजावर उतरवलं. अडवणारी दोरी नव्हती, की उड्डाणाला ढकलणारी यंत्रणा नव्हती. अशी २१ वेळा पूर्ण थांबून लँडिंग्ज झाली आणि तितकीच उड्डाणंही. यावरून आणखी एक गैरसमज निघाला की हे विमान जहाजांवरून नेहमी उडतं. तसं नाही. ती चाचणीच होती. जहाजावरच्या कामासाठी नौदलाने लहान विमान पत्करलं.

आपल्याकडचं उदाहरण लडाखचं. दौलत बेग ओल्डीची धावपट्टी १६,६०० फुटांहून उंच आहे. हवा विरळ असल्याने पंखांना आधार कमी मिळतो आणि इंजिनांची ताकदही घटते. २००८ मध्ये हवाई दलाचं एएन-३२, तेही पंख्यांचंच विमान, तिथे ४३ वर्षांनी पहिल्यांदा उतरलं. २० ऑगस्ट २०१३ रोजी तिथे सी-१३०जे पोहोचलं. मग एप्रिल २०२३ मध्ये सुदानात यादवी पेटली, तेव्हा खार्टुमच्या उत्तरेला असलेल्या वाडी सय्यदना इथल्या खराब धावपट्टीवर हवाई दलाचं सी-१३०जे रात्री उतरलं. धावपट्टीवर दिवे नव्हते. वैमानिकांनी रात्री पाहण्याचे चष्मे लावले होते. तिथून १२१ जणांना बाहेर काढण्यात आलं.

गैरसमज ४: तोफांचं, इंधनाचं, वादळाचं हर्क्युलिस म्हणजे निरनिराळी विमानं.

वस्तुस्थिती: मुळात घराणं एकच आहे. नावातला 'सी' म्हणजे मालवाहू आणि त्याच्या आधीचं अक्षर म्हणजे त्याला लावलेलं काम. केसी-१३० इंधन देतं, डब्ल्यूसी-१३० हवामान पाहतं, एलसी-१३० बर्फावर उतरतं, एचसी-१३० शोध आणि सुटकेला जातं. एसी-१३० मधला 'एसी' गारवा देणारा नव्हे. ते तोफांचं विमान.

यातलं इंधनाचं उदाहरण पाहण्यासारखं आहे. हेलिकॉप्टरला हवेतच इंधन द्यायचं तर देणाऱ्याला त्याच्याइतकं हळू उडावं लागतं, म्हणजे ताशी २०० किलोमीटरच्या आसपास. प्रवासी जेटच्या घडणीवर बेतलेल्या मोठ्या टँकरला ते झेपत नाही, हर्क्युलिसला झेपतं. पंखाखालून लांब नळी सोडतात आणि तिच्या टोकाला छत्रीसारखी टोपली असते. हेलिकॉप्टरसाठी ही छत्री मोठी लावतात, कारण कमी वेगात नळी ताठ राहायला जास्त हवा अडवावी लागते. वेगवान जेटसाठी लहान छत्री पुरते.

काही कामांना तर वेगळं विमानही लागत नाही. वणवे विझवण्यासाठी अमेरिकेत एक टाकी चाकांवरून नेहमीच्या हर्क्युलिसमध्ये ढकलतात. तिच्यातलं सुमारे ११,००० लिटर अग्निरोधक द्रव पाच सेकंदांच्या आत सांडतं. ते बहुधा ज्वाळांवर न टाकता आगीच्या वाटेत पट्टा ओढून टाकतात.

गैरसमज ५: तोफांचं विमान समोर नेम धरून झेपावतं.

वस्तुस्थिती: एसी-१३०च्या तोफा डाव्या अंगाला असतात. विमान डावीकडे कलून लक्ष्याभोवती घिरट्या घालतं. घाण्याचा बैल गोल फिरतो, पण त्याच्या डाव्या हाताला घाणा कायम तिथेच असतो, तसा हा प्रकार. झेपावणाऱ्या लढाऊ विमानाला काही सेकंदच मिळतात, तर इथे लक्ष्य सतत नजरेसमोर राहतं. १९६७ मध्ये व्हिएतनाममध्ये याची सुरुवात झाली. पुढे त्यात १०५ मिलिमीटरची तोफही आली. तिच्यात गोळा हाताने भरावा लागतो.

या ताकदीची किंमतही आहे. ठरलेल्या वर्तुळात हळू फिरणारं विमान खालून टिपायला सोपं, म्हणून ते अंधाराचा आडोसा घेतं. ३१ जानेवारी १९९१ रोजी आखाती युद्धात खाफजीजवळ उजाडल्यानंतरही रेंगाळलेलं एक एसी-१३० पाडलं गेलं आणि आतले १४ जण मृत्यू पावले. शिवाय नेम अचूक असला म्हणजे निर्णय बरोबर ठरतो, असंही नाही. ३ ऑक्टोबर २०१५ रोजी अफगाणिस्तानातल्या कुंदूझमध्ये याच जातीच्या विमानाने 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' या संस्थेच्या रुग्णालयावर मारा केला. त्यात ४२ माणसं मेली. इमारत ओळखण्यात चूक झाल्याचं अमेरिकी लष्कराने नंतर मान्य केलं.

गैरसमज ६: वादळ मोजणारं विमान वादळाच्या वरून जातं आणि खास मजबूत केलेलं असतं.

वस्तुस्थिती: ते थेट आत शिरतं. मिसिसिपी राज्यातल्या कीस्लर तळावरची राखीव हवाई दलाची ५३वी तुकडी डब्ल्यूसी-१३०जे घेऊन चक्रीवादळाच्या डोळ्यातून एकाच फेरीत अनेकदा आरपार जाते. वादळ जोरात असेल तर साधारण १०,००० फुटांवरून. विमानाचा सांगाडा वेगळा मजबूत केलेला नसतो. वाऱ्याचा वेग नुसता जास्त असल्याने विमान मोडत नाही. वारा अचानक बदलला की धोका, आणि अशा वेळी पंख्याचा जोर झटकन वाढवता येणं कामी येतं.

विमानातून एक नळकांडं खाली सोडतात. लहान पॅराशूटच्या आधाराने पडताना ते दाब, तापमान, आर्द्रता आणि वारा मोजून विमानाला कळवत राहतं आणि शेवटी समुद्रात बुडतं. उपग्रहाला ढगांचा माथा दिसतो, पण डोळ्यातला नेमका दाब तिथे जाऊनच मोजावा लागतो. हे काम बिनधोक नाही. १९७४ मध्ये 'बेस' या वादळात गेलेलं एक डब्ल्यूसी-१३० सहा जणांसह परतलं नाही.

गैरसमज ७: बर्फावर उतरणाऱ्या विमानाची चाकं काढून स्की लावतात.

वस्तुस्थिती: एलसी-१३०ला दोन्ही असतात. स्कीला खाच असते. पक्क्या धावपट्टीवर चाक त्या खाचेतून खाली येतं, बर्फावर स्की खाली येते. त्यामुळे न्यूयॉर्क राज्यातल्या डांबरी धावपट्टीवरून निघालेलं विमान अंटार्क्टिकावर उतरू शकतं. ही विमानं न्यूयॉर्कच्याच नॅशनल गार्डच्या १०९व्या तुकडीकडे आहेत. खरी अडचण उतरण्यात नाही, निघण्यात असते. घर्षणाने स्कीखालचा बर्फ किंचित वितळतो आणि थांबल्यावर पुन्हा गोठून स्कीला धरून ठेवतो. दक्षिण ध्रुवावर तर थंडीमुळे माल उतरवतानाही इंजिनं सहसा बंद करत नाहीत.

हर्क्युलिस सर्वसमर्थ आहे, असंही नाही. २० टनांच्या आसपास त्याची मर्यादा येते. रणगाड्यासाठी सी-१७ सारखं मोठं जेट लागतं. प्रवासी जेट ताशी ८०० किलोमीटरच्या पुढे जातं, सी-१३०जे ६४० च्या आसपास राहतं. पण हेलिकॉप्टरची भूक भागवणं, अंधारात मोडक्या पट्टीवर थांबणं, लक्ष्याला वेढा घालणं, ही कामं त्याला जमतात ती सावकाश उडता येतं म्हणूनच.

पुढच्या वेळी एटीआरमधून उतरताना कान देऊन ऐका. चाकं टेकतात आणि पंख्यांचा सूर एकदम बदलतो. पात्यांनी कोन बदललेला असतो आणि विमान छोट्या धावपट्टीवर वेळेत थांबतं.